वाचकांचे प्रश्न : पीटर्सबर्गला गेलेली धाकटी लेक

गेल्या अंकात मी मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीबद्दल लिहिलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत अळ्या पाळणारी, त्यांचे कोश होऊन फुलपाखरं बाहेर पडेपर्यंत रोज बघत बसणारी आणि अळी ज्या झाडाचं पान खाते त्या झाडासकट तिचं चित्र काढणारी ही बाई. लेखाच्या शेवटी एक ओळ होती : ‘तिची धाकटी लेक रशियात गेली, तिथंच रंगवत राहिली आणि तिथंच वारली.’ जागा नव्हती म्हणून मी ती ओळ आटोपती घेतली आणि तेव्हाच ती मला बोचली होती. तुम्हालाही बोचली असणार, कारण या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका ओळीबद्दल आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या लेकीला.

‘धाकटी लेक म्हणजे नक्की कोण? आणि हॉलंडमधलं बस्तान मोडून ती एवढ्या लांब, त्या थंडीत कशाला गेली?’ (नाशिकहून एक वाचक)

तिचं नाव डोरोथेआ मारिया. जन्म १६७८ चा, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरातला. वडील योहान आंद्रेआस ग्राफ, तेही चित्रकार. ती एक वर्षाची असताना आईचं सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक निघालं. म्हणजे पोर रांगायला लागली तीच अळ्यांच्या डब्यांमधून.

ती सात वर्षांची असताना आईने नवऱ्याचं घर सोडलं. म्हातारी आई आणि दोन मुली घेऊन ती हॉलंडच्या उत्तरेकडे, फ्रीसलंडमध्ये, एका कडक धार्मिक पंथाच्या वस्तीत जाऊन राहिली. ग्राफ बायकामुलींना न्यायला तिथवर आला आणि एकटाच परत गेला. पुढे आजी वारली, आणि १६९१ मध्ये मायलेकी अ‍ॅमस्टरडॅमला आल्या. तिथं त्यांनी पोट भरलं ते हाताच्या कामावर. आई आणि दोन्ही मुली (थोरलीचं नाव योहाना हेलेना) फुलं रंगवायच्या, छापील पानांत रंग भरायच्या, रंग तयार करून विकायच्या, जतन केलेले किडे आणि फुलपाखरं विकायच्या. आपल्याकडे मुली आईच्या शेजारी बसून भाकरी थापायला शिकायच्या, तशी डोरोथेआ ब्रश धरायला शिकली. कुणी मुद्दाम शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

१६९९ मध्ये मायलेकी जहाजात बसून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या. आई ५२ वर्षांची, डोरोथेआ २१. बरोबर घरचा एकही पुरुष नाही. डच लोकांची ती वसाहत, सगळीकडे उसाचे मळे आणि मळ्यांवर गुलाम. जवळजवळ दोन वर्षं या दोघी तिथल्या जंगलातून अळ्या आणि झाडं गोळा करत होत्या, आणि त्यांना वाट दाखवणारे, झाडांची नावं सांगणारे होते ते तिथले मूळ रहिवासी आणि गुलाम. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो शंकासुर मेरियनच्या सुरिनामच्या पुस्तकात आहे. त्याच्या टिपणात तिने लिहून ठेवलंय की गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडायला वापरतात, आपली मुलं गुलाम म्हणून जन्मू नयेत म्हणून. आणि हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितलं, असंही ती लिहिते. मी गेली चार दशकं शंकासुर रंगवते आहे. ते वाचल्यापासून त्या फुलाकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

१७०१ मध्ये आई आजारी पडली आणि त्या परतल्या. त्याच वर्षाच्या शेवटी डोरोथेआने फिलिप हेन्रिक्स नावाच्या शल्यवैद्याशी लग्न केलं. १७०५ मध्ये सुरिनामचं पुस्तक निघालं, ६० चित्रांचं, आणि आईचं नाव युरोपभर झालं. काही वर्षांनी डोरोथेआचा नवरा वारला, थोरली बहीण आपल्या नवऱ्याबरोबर सुरिनामला निघून गेली, १७१५ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. घरात उरल्या त्या दोघीच.

आता तुमच्या ‘का’ कडे येते.

१७१७ च्या १३ जानेवारीला आई गेली. त्या हिवाळ्यात रशियाचा सम्राट पीटर हॉलंडमध्येच होता आणि संग्रहालयासाठी मिळेल ते विकत घेत होता. त्याच्या वैद्याने, रॉबर्ट एर्स्किन या स्कॉटिश माणसाने, मेरियनच्या चर्मपत्रावरच्या चित्रांचे दोन जाडजूड खंड ३,००० गिल्डर देऊन घेतले. हा सौदा आणि तिचा मृत्यू जवळजवळ एकाच वेळचे. तिची अभ्यासाची वहीही, जिच्यात तिने तीस-चाळीस वर्षं प्रत्येक अळीची नोंद ठेवली होती, एर्स्किनकडे गेली आणि त्याच्या पश्चात सम्राटाच्या संग्रहात. म्हणजे आईला मूठमाती मिळाली त्याच दिवसांत तिचं आयुष्यभराचं काम पेट्यांत बंद होऊन रशियाकडे निघालं.

मायलेकींच्याच घरात गेऑर्ग ग्झेल नावाचा स्विस चित्रकार भाडेकरू होता. सम्राटाला चित्रं निवडून देताना त्याची पीटरशी ओळख झाली होती आणि पीटरने त्याला पीटर्सबर्गला बोलावलं. त्याचं आणि डोरोथेआचं त्याच वर्षी लग्न झालं. तिचं दुसरं, त्याचं तिसरं. आईच्या सुरवंटांच्या पुस्तकाचा राहिलेला तिसरा भाग तिने छापून काढला, ताम्रपट (म्हणजे ज्यांवरून चित्रं छापतात ते तांब्याचे कोरलेले पत्रे) आणि छपाईचे हक्क अ‍ॅमस्टरडॅमच्याच ओस्टरवाइक या प्रकाशकाला विकले, आणि ती ग्झेलबरोबर निघाली.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की ती नवऱ्यामागून गेली. मला हे पटत नाही. सम्राटाला ग्झेल हवा होता तशीच तीही हवी होती. आणि ३९ वर्षांची, दोन मोठ्या सफरी केलेली, स्वतःच्या हातावर जगलेली बाई कुणाच्या मागून जात नाही. आईची चित्रं पुढे गेली होती. ती त्यांच्यामागून गेली, असं मी समजते.

‘एका पुस्तकात ग्राफ, एकात हेन्रिक्स, एकात ग्झेल. कुठलं आडनाव खरं? मला शोधताना फार त्रास झाला.’ (सोलापूरची एक ग्रंथपाल)

सगळीच खरी. जन्माची ग्राफ, पहिल्या लग्नाची हेन्रिक्स, दुसऱ्याची ग्झेल. आईने नवरा सोडल्यावर माहेरचं मेरियन हे नाव परत घेतलं, म्हणून काही जण मुलीलाही मेरियन म्हणतात. १७१७ च्या त्या तिसऱ्या भागावर तिचं नाव हेन्रिक्सवरून आलेल्या रूपात आहे आणि ‘सर्वांत धाकट्या मुलीने प्रसिद्ध केला’ अशी नोंद आहे. रशियन नोंदींत ती ग्झेल.

आमच्या वेळी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायचे. माझं लिहिलं, तेव्हा माझी सहा चित्रं जुन्या नावाने छापलेली होती. ती सहा आता माझी म्हणून कुणाला सापडत नाहीत. तिच्या बाबतीत हे दोनदा झालं. तुम्ही शोधताना ‘डोरोथेआ मारिया’ धरून शोधा. तेवढं कधी बदललं नाही.

‘चर्मपत्रावर जलरंग म्हणजे काय? कातडं पाणी धरेल का? आणि ते रंग आमच्यासारखे पारदर्शक होते का?’ (कोल्हापूरच्या कला महाविद्यालयातला विद्यार्थी)

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगण्याआधी मी ते करून पाहिलं, म्हणून हे सदर दोन दिवस उशिरा गेलं.

चर्मपत्र म्हणजे कमावलेलं चामडं नव्हे. चपलेचं, बॅगेचं चामडं कमावलेलं असतं. हे कच्चं कातडं, चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, चौकटीवर ताणायचं, ताणलेलं असतानाच सुरीने खरवडायचं आणि तसंच वाळू द्यायचं. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते पखवाजाचं पान. म्हणून मी ओळखीच्या एका पखवाज करणाऱ्यांकडे गेले. त्यांनी शेळीचा एक पातळ तुकडा काढून दिला आणि ‘बाई, याच्यावर शाई लावणार का?’ म्हणून विचारलं. नाही म्हटलं, तेरड्याचं फूल काढणार आहे. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तुकड्याला थोडं तेल होतं. खडूची पूड चोळून ते काढलं. मग पहिला हात मारला आणि चाळीस वर्षांची सवय उपयोगाची राहिली नाही. कागद पाणी पितो, कातडं पीत नाही. रंग वर बसून राहतो, थेंब थेंब होतो. ओला ब्रश दुसऱ्यांदा त्याच जागी गेला की खालचा थर उचलून येतो. तेव्हा कळलं की त्या काळची चित्रं अशी बारीक ठिपक्यांची आणि केसासारख्या रेघांची का आहेत. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, एकदा लावून हात उचलायचा. मागे वळून बघायचं नाही. पण एकदा बसलेला रंग कातड्यावर जसा चकाकतो तसा कुठल्याही कागदावर चकाकत नाही. खालून उजेड आल्यासारखा दिसतो. मेरियन तर न जन्मलेल्या कोकराचं कातडं वापरायची, ते सगळ्यात पातळ आणि गुळगुळीत. त्यावर आधी पांढऱ्याचा पातळ हात द्यायची.

तू विचारलेल्या पारदर्शकपणाचं म्हणशील तर दोन्ही होतं. पाकळीची सावली पातळ पारदर्शक रंगाने, आणि वरचा उजेड, अळीचे केस, पंखावरची पूड जाड, अपारदर्शक रंगाने. बांधायला बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. लाल रंग कोचिनील किड्याचा, हिरवा जंगाल म्हणजे तांब्याच्या गंजाचा, पांढरा सफेदा म्हणजे शिशाचा, विषारी. तो बोटांनी, ब्रशच्या टोकाने आयुष्यभर हाताळायचा.

एक गोष्ट आणखी. त्यांच्या छापील पुस्तकांच्या काही प्रती वेगळ्याच दिसतात, जणू छापलेल्या नाहीत, काढलेल्याच आहेत. त्याची युक्ती अशी : ताम्रपटावरून छापलेल्या पानाची शाई ओली असतानाच त्यावर दुसरा कोरा कागद ठेवून दाबायचा. त्याच्यावर फिकट, उलटी रेघ उमटते आणि पटाच्या कडांचा वळ उठत नाही. मग त्या फिकट रेघेवर हाताने रंगवायचं. रेघ रंगाखाली नाहीशी होते. अशा प्रती महाग जायच्या आणि त्यातल्या पुष्कळ रंगवल्या असणार त्या मुलींनी.

माझा तेरडा बरा आला. मात्र जुलै लागला आणि कातडं पापडासारखं वळलं. आता ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवून शब्दकोशाखाली दाबून ठेवलं आहे. तुला करून पाहायचं असेल तर उन्हाळ्यात कर.

‘पीटर्सबर्गला तिने केलं काय? संग्रहालयातल्या वस्तूंची नक्कलच ना? आज फोटो काढतात तसं. याला कला म्हणावं का?’ (ठाण्याहून एक निवृत्त अभियंता)

प्रश्न सरळ विचारलात, उत्तरही सरळ देते. हो, म्हणावं. पण आधी ती जागा कशी होती ते सांगते.

ती पोचली तेव्हा पीटर्सबर्ग शहर अवघं १४ वर्षांचं होतं. दलदलीत खांब ठोकून उभं केलेलं. पीटरला तिथं एक असं संग्रहालय हवं होतं जिथं जगातली प्रत्येक नवलाची वस्तू असेल. त्याचं नाव कुन्स्तकामेरा. ते १७१४ मध्ये सुरू झालं, १७१९ मध्ये लोकांसाठी उघडलं. येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, उलट त्याला काहीतरी प्यायला द्यायचं, असा पीटरचा हट्ट होता म्हणतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या आल्बर्टस सेबाचा प्राण्यांचा संग्रह त्याने १७१६ मध्ये घेतला आणि शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक राउशचा १७१७ मध्ये, ३०,००० गिल्डरला. राउशच्या बरण्यांत अर्भकं होती, लेस आणि मणी घातलेली. १७१८ मध्ये हुकूम निघाला की देशात कुठंही विचित्र जन्मलेलं जनावर किंवा माणूस सापडलं तर आणून द्या, पैसे मिळतील. फ्रान्समधून बूर्ज्वा नावाचा एक उंचच उंच माणूस आणून ठेवला होता. त्याचं चित्र ग्झेलने रंगवलं.

या सगळ्यात आईची चित्रंही होती. डोरोथेआला तिथं नैसर्गिक वस्तूंची चित्रं काढायचं काम मिळालं : पक्षी, फुलं, किडे, शिंपले. १७२४ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली, तेव्हा नवरा-बायको दोघंही तिथं रशियन मुलांना चित्रकला शिकवू लागले. नैसर्गिक संग्रहाची देखभालही तिच्याकडे आली. विचार करा, अकादमीत बाई नोकरीला असणं हे त्या वेळी कुठल्या देशात होतं?

आता नकलेबद्दल. दारूत ठेवलेला मासा काही महिन्यांत पांढरट होतो. बेडूक राखाडी होतो. पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या चोचीचा आणि पायाचा रंग उडतो. मी ज्या वनस्पती संग्रहासाठी काम केलं तिथं हीच अडचण होती. दाबून वाळवलेल्या तेरड्याच्या फुलाचं काही उरतच नाही, एक तपकिरी डाग राहतो. तेरड्याच्या दोन जातींत फरक असतो तो पाकळीच्या घडीत आणि रंगात. म्हणून संशोधक मला कासच्या पठारावर घेऊन जायचे आणि पावसात, छत्री एका हाताने धरून, फूल मरायच्या आत रंगवायला लावायचे. एका फुलाला माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं असायची. फोटो त्यांच्याकडेही होते. पण फोटोत पुढची पाकळी मागचीला झाकते, उजेड एका कडेला जळतो, आणि फोटोला कळत नाही की यातलं जातीचं लक्षण कुठलं आणि या एका फुलाचं व्यंग कुठलं. ते ठरवावं लागतं. बघणाऱ्याने ठरवून रंगवलेली वस्तू ही नक्कल कशी?

आणि डोरोथेआने त्या मुलांना जे दिलं ते यापेक्षा मोठं आहे, असं मला वाटतं. संग्रहालयात फुलपाखरू म्हणजे टाचणीला टोचलेलं, नाव लावलेलं, एकटं. ती अशा घरातून आली होती जिथं फुलपाखरू कधी एकटं काढलंच नाही. त्याच्या शेजारी त्याची अळी, कोश, आणि ती अळी कुरतडते ते पान, कुरतडल्याच्या खुणांसकट.

१७३० आणि ४० च्या दशकांत अकादमीने ठरवलं की संग्रहातली प्रत्येक वस्तू रंगवून ठेवायची. सैबेरियातले सोन्याचे दागिने, चिनी भांडी, मासे, खनिजं, सगळं. तिने आणि ग्झेलने ज्या चित्रशाळेत शिकवलं, तिथल्या हातांनी ही चित्रं केली. डिसेंबर १७४७ मध्ये कुन्स्तकामेराच्या इमारतीला आग लागली. मनोरा जळाला, पुष्कळ वस्तू गेल्या, ज्या वाचल्या त्यातल्या कित्येकांचं नुकसान झालं. डोरोथेआला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पण ते कागद राहिले. सुमारे २,००० चित्रं आजही आहेत, आणि त्यातल्या काही वस्तू अशा आहेत की त्यांचं जगात आता तेवढंच शिल्लक आहे, ते चित्र.

‘गणिती ऑयलर याची सासुरवाडी चित्रकारांची होती असं मी वर्गात सांगतो. तीच का ही माणसं?’ (रत्नागिरीचे एक गणित शिक्षक)

तीच! तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, सर. लेओनहार्ड ऑयलर १७२७ मध्ये पीटर्सबर्ग अकादमीत आला, विशीतला पोरगा, स्विस, म्हणजे ग्झेलच्याच देशचा. १७३४ मध्ये त्याने काटारिनाशी लग्न केलं. ती ग्झेलच्या पहिल्या बायकोची मुलगी, म्हणजे डोरोथेआ तिची सावत्र आई. त्यांना तेरा मुलं झाली, पाचच मोठी झाली. काटारिना १७७३ मध्ये वारली. तोवर ऑयलर जवळजवळ आंधळा झाला होता. १७७६ मध्ये त्याने परत लग्न केलं, काटारिनाच्या सावत्र बहिणीशी, सालोमे अबिगाइलशी. ही १७२३ ला जन्मलेली, डोरोथेआची सख्खी मुलगी.

म्हणजे ज्याला शेवटी दिसत नव्हतं त्या माणसाचं घर चालवलं ते पिढ्यान्‌पिढ्या नजरेवर जगलेल्या घराण्यातल्या लेकीने. वर्गात सांगाल तेव्हा हेही सांगा.

‘मग तिची स्वतःची चित्रं कुठली? तुमच्या लेखात आईची चार चित्रं छापली, तिचं एकही नाही.’ (पुण्याची एक वाचक)

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याला द्यायला माझ्याकडे समाधानाचं उत्तर नाही.

आई आणि दोन मुली एका टेबलाशी बसायच्या. एकीने रेघ काढायची, दुसरीने पान रंगवायचं, तिसरीने अळी. विकलं जायचं ते मेरियन या नावाने, कारण त्या नावाला भाव होता. सुरिनामची म्हणून जी रंगीत चर्मपत्रं आज लंडनला आणि विंडसरला आहेत त्यातली काही मुलींच्या हातची असावीत असं अभ्यासक म्हणतात, आणि कुठली त्यावर वाद घालतात. पीटर्सबर्गच्या चित्रांपैकी पुष्कळांवर सहीच नाही. शिष्यांचे हात तिने आपल्यासारखे घडवले, त्यामुळे तिथंही तोच घोळ.

मी एकदा एका ग्रंथासाठी दोन वर्षं काम केलं. सह्याद्रीतल्या वनस्पतींवरचा ग्रंथ, कुठला ते सांगत नाही. त्यात ५२ पानभर चित्रं आहेत. ती आम्ही दोघींनी केली, मी आणि माझ्या वरिष्ठ बाई, ज्यांनी मला हे काम शिकवलं. बाई पानं करायच्या, मी फुलं. त्यांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा बारीक केस, फुलाचा छेद, परागकोश सगळं माझ्याकडे आलं, आणि शेवटची १९ तर संपूर्ण मीच केली. ग्रंथ निघाला तेव्हा आत बाईंचं एकटीचं नाव होतं. बाईंनी माझं नाव घालायला लिहून दिलं होतं, ते पत्र मी स्वतः टाइप केलं होतं. छापणाऱ्यांनी घातलं नाही. बाई आता नाहीत. गेल्या वर्षी एका मुलीने तो ग्रंथ आणून मला विचारलं, यातली तुमची कुठली? मी उघडून बसले. पहिल्यापासून सगळी चित्रं बघितली. आणि काही पानांवर मला खरोखर सांगता आलं नाही. कारवीच्या एका फांदीवरच्या शिरा बाईंच्या की माझ्या? बाई देठाकडून टोकाकडे रेघ ओढायच्या, मी टोकाकडून देठाकडे, पण शेवटच्या वर्षात मी त्यांच्यासारखं ओढायला लागले होते.

राग आहे, आजही आहे. पण त्या कारवीच्या पानाकडे बघताना राग येत नाही.

म्हणून कुणी म्हणतं की डोरोथेआ आईच्या सावलीत राहिली, तेव्हा मी गप्प बसत नाही. ती आईसारखी रंगवत होती कारण तिला ते तसंच बरोबर वाटत होतं. तिला नाव मिळालं नाही, हा अन्याय झालाच. नाव देणं हे नंतरच्यांचं काम होतं आणि ते आता कुठं सुरू झालं आहे.

‘ती परत कधी आपल्या माणसांत गेली का?’ (गोव्याहून एक आजी)

न्यूरेंबर्गला नाही. अ‍ॅमस्टरडॅमला एकदा, १७३६ मध्ये. ५८ वर्षांची होती. अकादमीने तिला आईची उरलेली चित्रं विकत घ्यायला पाठवलं होतं. पेट्या घेऊन ती परत पीटर्सबर्गला आली. १७४० मध्ये ग्झेल वारला, १७४३ मध्ये ती. आईची चित्रं आणि ती वही आजही पीटर्सबर्गला अकादमीच्या संग्रहात आणि ग्रंथालयात आहेत. उजेडाने जलरंग उडतो, म्हणून ती एरवी भिंतीवर लावलेली नसतात. १९७६ मध्ये त्या वहीची हुबेहूब प्रत छापली गेली, म्हणून आपल्यासारख्यांना ती बघता तरी येते.

‘आमच्या लिंबावर अळी आहे. ती आधी चिमणीच्या शिटेसारखी होती, आता हिरवी झाली. मला तिचं चित्र काढायचंय. आधी अळी काढू की पान?’ (चिपळूणचा एक वाचक, इयत्ता सहावी)

बाळा, आधी पान. अळी हलेल, पान हलणार नाही. जिथं तिने कुरतडलंय तिथली कड नीट बघ, ती गोल गोल खाल्लेली असते, फाटलेली नसते, तशीच काढ. मग अळी. ती तुझ्याकडे बघून डोकं वर करून केशरी शिंगं काढेल आणि वास येईल. घाबरू नकोस, शिंगंही काढ. फांदी तोडू नकोस, झाडापाशीच बस. दोन-चार दिवसांत ती खायची थांबेल आणि धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेईल. त्याच कागदावर तिच्या शेजारी कोशासाठी जागा सोडून ठेव, आणि वर फुलपाखरासाठी. खाली तारखा घाल आणि तुझं पूर्ण नाव लिही. झालं की मला पाठव.